टेपचा पहिला मीटर

आमच्या ऑफिसातल्या टेपला शून्य नव्हतं.

तीस मीटरची कापडी टेप होती. उल्हासनगरात कॅम्प तीनला एका दुकानाची मोजणी चालू असताना दुकानदाराने शटर खाली ओढलं आणि टेपचं टोक त्याखाली सापडलं. ओढाताणीत पुढची कडी गेली आणि तिच्याबरोबर पहिले ऐंशीएक सेंटिमीटरही गेले. दुसऱ्या ठिकाणी ती टेप भंगारात पडली असती. आमचे मालक किशनशेठ म्हणाले, "वरी, तीस में से एक ही तो गया. बाकी उनतीस का क्या अचार डालूँ?" आणि टेप परत पेटीत गेली.

तेव्हापासून आमचं माप एकपासून सुरू व्हायचं. टेपवरचा एक मीटरचा आकडा खुंटीवर धरायचा आणि दुसऱ्या टोकाला जे वाचन येईल त्यातून एक वजा करायचा. यात काही गैर नाही, कितीतरी मोजणीवाले असंच करतात. फक्त वजा करायला विसरायचं नाही. त्यासाठी आमचे चेनमन बबनराव टेप धरली की मोठ्याने ओरडायचे, "एक कापून!" मी पलीकडून ओरडायचे, "एक कापलं!" मगच आकडा वहीत जायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, आम्ही भाजी निवडतोय.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, नकाशे काढून तुमचं भागायचं का? प्रश्न सरळ आहे. उत्तर द्यायला मात्र त्या टेपकडेच जावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

मी आयटीआयमधून सर्व्हेअरचा कोर्स केला. आमच्या वर्गात मुली दोनच. दुसरी लग्न होऊन नाशिकला गेली, मी लग्न होऊन अंबरनाथला आले आणि उल्हासनगरात किशनशेठच्या ऑफिसात लागले. काम असं: कोणाची जागा विकायची असते, कोणाला बांधायचं असतं, कोणाचं शेजाऱ्याशी वाजलेलं असतं. आपण जायचं, जमीन मोजायची, जुन्या कागदांशी ताडायची आणि ठरलेल्या प्रमाणात कागदावर उतरवायची. तेव्हा ते ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो आणि अमोनियाच्या मशीनवर त्याच्या प्रती निघायच्या. त्या वासाने डोळे चुरचुरत. किशनशेठ त्याला ऑफिसचं अत्तर म्हणायचे.

माझा नवरा यशवंत कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. म्हणजे आमच्या घरात दोघंही मापावर जगणारी माणसं. तो इंचात, मी मीटरात. त्याचं म्हणणं, त्याचा धंदा जास्त शहाणा, कारण ते लोक शिवणीला कापड सोडतात. "तुमच्या जमिनीला मार्जिनच नाही गं," तो म्हणायचा, "चुकलं तर उसवायचं कुठून?" मी हसायचे.

आता पगार. ज्या काळाची गोष्ट सांगतेय, तेव्हा मला महिन्याला सत्तावीसशे मिळत. यशवंतला पीसवर पैसे, त्यामुळे कधी खिसा भरलेला, कधी सीझन गेला की नुसते हात. भरवशाचा पगार माझाच. मी दर एक तारखेला ऑफिसात उरलेल्या ट्रेसिंग पेपरची एक पट्टी कापायचे. शंभर रुपयांना एक सेंटिमीटर, म्हणजे सत्तावीस सेंटिमीटरची पट्टी. तिच्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या: भाडं नऊ सेंटिमीटर, किराणा सात, दूध, मुलीची शाळा, रॉकेल. वहीत आकडे लिहिले की ते सगळे सारखेच दिसतात. पट्टीवर मात्र भाडं किती लांब आहे ते डोळ्यांना दिसतं. खोली दहा बाय बाराची आणि पट्टीचा तिसरा हिस्सा एकटी खाऊन बसलेली.

पट्टीचे पहिले तीन सेंटिमीटर मी दुमडून टाकायचे. ते नाहीतच असं धरायचं. पगार तीनपासून मोजायचा. तुटक्या टेपने शिकवलेली ही एकच फायद्याची गोष्ट. दुमडलेले सेंटिमीटर पोस्टात जायचे आणि पट्ट्या, पासबुकासकट, बिस्किटांच्या डब्यात. डब्यावर मुलीने लिहिलं होतं, "बदलापूरचं घर."

कारण आमचं ठरलं होतं, घर घ्यायचं तर बदलापुरात. मी रोज तिथे प्लॉट पाडत होते आणि माझ्या खुंट्यांमागून इमारती उगवत होत्या. कुळगावात एक वन रूम किचन आम्ही हेरलंही होतं. बुकिंगला पंचवीस हजार लागणार होते. पाच वर्षांच्या पट्ट्या आणि यशवंतचे दिवाळीचे पैसे मिळून एकवीस झाले होते.

ऑफिसात दिवस मजेत जायचे, हेही सांगितलं पाहिजे. बराकीतल्या एका सिंधी मावशींचा पापडाचा धंदा होता. त्यांनी खोलीचा नकाशा करून घेतला. मी शंभराला एक प्रमाणात सुबक काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "पैसे पूरे और घर इतना सा? इसमें तो मेरा एक पापड़ भी नहीं आएगा." मी त्यांना प्रमाण समजावत होते, तेवढ्यात किशनशेठ उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "चाची, बड़ावाला चाहिए? डबल लगेगा." चाचींनी खुशीने डबल दिले. मी पन्नासाला एकने पुन्हा काढला. तो त्यांनी फ्रेम करून देवांशेजारी लावला. इतका मान माझ्या नकाशाला नंतर कधी मिळाला नाही.

आता मुख्य गोष्ट. बदलापुरातच, बेलवलीच्या पुढे, भोईरकाकांचं भातशेत होतं. रस्त्याला लागून साठ मीटरचा एक पट्टा त्यांनी विकायला काढला. त्यात एका ओळीत पाच प्लॉट पाडायचे होते, पंधरा मीटर खोल. पहिले चार बारा-बारा मीटर रुंदीचे, विकायचे. पाचव्यात काका स्वतः घर बांधणार. मागे त्यांचं उरलेलं शेत तसंच राहणार.

बबनरावांनी आणि मी पहिला प्लॉट पाडला. "एक कापून! एक कापलं!" टेपवर तेरा, जमिनीवर बारा, खुंटी ठोकली. मग बबनराव तंबाखू आणायला टपरीवर गेले. काका बाजूलाच उभे होते. म्हणाले, "द्या, मी धरतो." मी त्यांना खुंटीवर एकचा आकडा धरायला दाखवला आणि दुसऱ्या टोकाला गेले. ओरडणारं कोणी नव्हतं. आणि माझं डोकं तिथे नव्हतं. त्या संध्याकाळी सहाच्या आत कुळगावच्या बिल्डरच्या ऑफिसात पोचून मला विचारायचं होतं की, एकवीसवर बुकिंग धराल का. मी टेपवर बारा बघितले आणि खुंटी ठोकली.

जमिनीवर ते अकरा होते.

बबनराव परत आले. तिसरा आणि चौथा प्लॉट आम्ही आरडाओरडा करून नीट पाडला. पाचव्यात जे उरेल ते काकांचं, म्हणून मी तो मोजलाच नाही. खरं तर नियम असा की शेवटचं मापही घ्यायचं आणि सगळ्यांची बेरीज एकूण लांबीशी जुळवायची. ती जुळवली असती तर चूक पाच मिनिटांत सापडली असती. पण सहा वाजत आले होते. विसरण्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकते, बेरजेबद्दल अजून नाही. पगारातून वजा करायला मी पाच वर्षांत एकदाही विसरले नव्हते. नेमकी टेपवर विसरले.

बिल्डर म्हणाला, पूर्ण पंचवीस झाले की या. आमचे पंचवीस होईतो त्याने बुकिंग तीसवर नेलं.

दीड वर्षाने एक बाई ऑफिसात आल्या. निर्मलाताई. अंबरनाथच्या एका शाळेत शिपाई होत्या. नवरा वारल्यावर त्याच्या फंडाचे पैसे आले, त्यात त्यांनी दोन नंबरचा प्लॉट घेतला होता. आवाज खाली, हातात माझा नकाशा. म्हणाल्या, "मॅडम, गवंडी म्हणतो जागा अकरा मीटरच भरते. मी त्याला म्हटलं, नकाशात बारा आहे, तूच चुकला असशील. तुम्ही जरा त्याला समजवाल का?"

तो दिवस, तंबाखू, काकांच्या हातातली टेप, सगळं एका क्षणात आठवलं. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, उद्या येऊन बघते.

त्या गेल्यावर किशनशेठनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "बोल दे गवंडी का टेप ढीला है. विधवा औरत है, दुबारा कौन नापने आएगा?" मी त्या कामाची वही पिशवीत टाकली. तेव्हा म्हणाले, "तेरे को बोलना है तो बोल. लेकिन भरपाई ऑफिस नहीं देगा. तेरी पगार से कटेगी."

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक मीटर रुंद आणि पंधरा मीटर खोल, म्हणजे साधारण एकशेसाठ चौरस फूट. तिथे भाव एकशेवीसचा होता. एकोणीस हजारांच्या वर गेलं. म्हणजे बदलापुरातला एक मीटर हा माझा सात महिन्यांचा पगार. आणि दुरुस्तही काय करणार? तीन आणि चार नंबरवर घरं उभी राहिली होती, आपापल्या खुंट्यांच्या आत, पुरी बारा मीटरची. कोणाची भिंत मीटरभर सरकवणार? निर्मलाताईंना मीटर द्यायला जमीनच नव्हती. पैसेच द्यावे लागणार होते आणि पैसे म्हणजे तो बिस्किटांचा डबा.

यशवंतने डबा काढून समोर ठेवला. मी रडत होते. तो म्हणाला, "तिच्या नवऱ्याच्या फंडातले पैसे आहेत ते. आपलं घर लांबेल एवढंच."

"किती लांबेल माहितीये तुला?"

"तू सांग. सेंटिमीटरमध्ये सांग."

रडता रडता मला हसू आलं. आणि ठरलं.

दुसऱ्या दिवशी बबनरावांना घेऊन मी सगळी ओळ मोजली. निर्मलाताई आणि गवंडी उभे होते. दोन नंबर अकरा. तीन आणि चार बारा. मी निर्मलाताईंकडे वळून म्हटलं, "गवंडी बरोबर आहे. मी चुकले. तुमच्या एका मीटरचे पैसे मी देणार." त्यांना कळेचना. मग म्हणाल्या, "पण मॅडम, मी स्वयंपाकघर कुठे काढू?" पैशाने स्वयंपाकघर होत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

पाच नंबर मोजायला गेलो. तो तेरा भरणार हे मला माहीतच होतं. काकांचं घर उभं राहिलं होतं. पण त्यांच्या कुंपणाच्या आत बाराच मीटर होते. चार नंबरची भिंत आणि काकांचं कुंपण यांच्यामध्ये एक मीटरची पट्टी मोकळी सोडलेली होती. तिथे पेंढा रचला होता.

काका ओटीवर बसले होते. मी पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "काका, ही जागा का सोडलीत?"

"ती माजी नाय," काका म्हणाले.

"मग कोणाची?"

"ता मना काय ठाव? तुमचा मानूस टेप धरली का वरडायचा, एक कापून, एक कापून. मी धरली तवा कोन वरडलाच नाय. घरी येऊन इचार केला, मंग कापला कोनी? मंग मोजला तर मना एक मीटर जास्ती."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का काका?"

त्यांनी मान खाली घातली. "खोटा कशाला बोलू? पयल्यानी बरा वाटला. फुकट गावली जागा. मंग कुंपन घालाया गेलो, तर हात धजेना. आनि तुमाला सांगाया यावा, तर तुमी शिकलेल्या. म्हटला, इचाराया कोनतरी येल." दीड वर्ष त्या माणसाने ती पट्टी पेंढा घालून राखली होती.

बबनराव मागून पुटपुटले, "तंबाखूच्या आयला."

पट्टी काकांच्या बाजूला होती, निर्मलाताईंना तिचा उपयोग नव्हता. पण प्लॉटांच्या मागे काकांचंच शेत होतं. मी तिथेच ओटीवर वही काढली. जागा कमी पडली होती पंधरा चौरस मीटर. रुंदी अकरा. भागलं तर एक मीटर छत्तीस सेंटिमीटर. मी काकांना म्हटलं, "ही पेंढ्याची पट्टी तुम्ही घ्या, ती तुमचीच राहील. तिच्या बदल्यात मागच्या शेतातलं दोन नंबरच्या मागे एवढं द्या." आणि मी हात पसरून दाखवलं.

काकांनी निर्मलाताईंकडे बघितलं. "तिकरं रांधाया होईल ना, बाय?"

निर्मलाताई म्हणाल्या, "होईल. खिडकी पण होईल."

काकांना ना नफा ना तोटा. निर्मलाताईंची जागा पुरी. राहिला दुरुस्तीचा दस्त, त्याची स्टॅम्प ड्युटी, नवी मोजणी आणि गवंड्याने खणलेला पाया पुन्हा खणायची मजुरी. ते सगळं साडेनऊ हजारांच्या घरात गेलं. ते मी दिलं. किशनशेठनी पगारातून एक रुपयाही कापला नाही, पण दिलाही नाही. मात्र आठवड्याभरात ते नवी टेप घेऊन आले. शून्य असलेली. बबनरावांना सवय सुटेना. नव्या टेपवरही ते ओरडायचे, "काही नाही कापायचं!" निवृत्त होईपर्यंत ओरडत होते.

कुळगावचं घर गेलं. आमचे पैसे परत साठेपर्यंत त्या इमारतीचा भाव आमच्या हाताबाहेर पोचला होता. तीन वर्षांनी बदलापूर गावाच्या बाजूला, स्टेशनपासून बऱ्याच अंतरावर, चौथ्या मजल्यावर घेतलं. लिफ्ट नाही. गुडघे दुखतात तेव्हा मी ती बेरीज आठवते. पण वारा छान येतो, प्रत्येक मजल्यावर ओळखीची माणसं आहेत, मुलगी तिथूनच शिकून नोकरीला लागली आणि यशवंत खिडकीत बसून अजून शेजाऱ्यांच्या पँटी अल्टर करतो, मार्जिन सोडून.

हल्ली मी आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात जाते, नकाशे तपासायला. ऑफिस आता किशनशेठची मुलगी बघते. अमोनियाचं मशीन केव्हाच गेलं. ड्रोन वरून फोटो काढतो आणि प्रणाली नावाची वांगणीची मुलगी स्क्रीनवर त्याच्या रेषा ओढते. हुशार आहे. तिला बावीस हजार मिळतात. ऐकून मी आधी चाट पडले. मग तिने तिचं भाडं सांगितलं आणि मी सवयीने पट्टी कापून बघितली. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. मधे एकदा बेलवलीचा भाव विचारला आणि माझ्या त्या एका मीटरचा हिशेब पुन्हा केला. मला जो सात महिन्यांना पडला असता, तो प्रणालीला दोन वर्षांना पडेल. ते ऐकून ती म्हणाली, "मॅडम, असं मोजून नका सांगू ना, टेन्शन येतं." मी तिला पट्टी दुमडायची कशी ते दाखवलं. ती मोबाइलवर करते तेच.

मागच्या महिन्यात तिच्याकडे बेलवलीचंच काम आलं. मी बाजूला चष्मा लावून बसले होते. भोईरकाका आता नाहीत. मागच्या शेतात सात मजली इमारत आली आहे. पण ती ओळ मी लगेच ओळखली. प्रणालीने रेष ओढता ओढता माउस थांबवला.

"मॅडम, इथे बघा ना. मागची लाइन सगळीकडे सरळ आहे, ह्या एकाच प्लॉटला बाहेर आलीये. कुछ तो गडबड है. सरळ करून टाकू?"

"नको. मोज."

तिने मोजलं. "एक पॉइंट छत्तीस."

"मग बरोबर आहे. तशीच ठेव."

"पण असं कोणी का काढलं असेल?"

तिने चित्र मोठं केलं. त्या बाहेर आलेल्या तुकड्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, एक हिरवा ठिपका दिसत होता. निर्मलाताईंचा कढीपत्ता. घर बांधल्यावर त्यांनी लावला. अजून महिन्यातून एकदा जुडी पाठवतात आणि यशवंत ती डब्यात भरून ठेवतो, त्याच बिस्किटांच्या डब्यात.

"मी काढलंय," मी म्हटलं. "बदलापुरात मी घेतलेली ती पहिली जागा."